विद्यापीठाच्या साथीने नवा प्रकाश-उत्प्रेरक घडवताना : नवोदितांसाठी मार्गदर्शन

प्रकाश पडला की स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया घडवून आणणारा घन पदार्थ म्हणजे प्रकाश-उत्प्रेरक. सांडपाण्यातील उरलेला रंग काढणे, हवेतील नायट्रोजन ऑक्साइड कमी करणे, आपोआप स्वच्छ राहणाऱ्या काचा व फरशा तयार करणे आणि पाण्यापासून हायड्रोजन मिळवणे अशा अनेक कामांसाठी या पदार्थांवर जगभर संशोधन चालू आहे. महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांच्या रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र विभागांतही या विषयावर प्रबंध लिहिले जातात. तरीही प्रयोगशाळेतील बाटलीतून निघून कारखान्याच्या आवारात पोहोचलेले पदार्थ फार थोडे आहेत. हा लेख लहान उद्योजक, कारखान्यातील तरुण अभियंते आणि पहिल्यांदाच उद्योगासाठी काम करणारे संशोधक विद्यार्थी यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून इचलकरंजीसारख्या वस्त्रोद्योगाच्या गावातील एखादे प्रोसेस हाऊस, म्हणजे कापड धुण्या-रंगवण्याचा कारखाना, डोळ्यांसमोर ठेवले आहे, कारण आपल्याकडे या विषयाचा उद्योगाशी सर्वांत जवळचा संबंध रंगाच्या पाण्यामुळेच येतो. माझे मत असे आहे की, अशा भागीदाऱ्या पदार्थ निकृष्ट निघाल्यामुळे क्वचितच मोडतात. 'काम झाले' कशाला म्हणायचे आणि ते कसे मोजायचे, हे दोन्ही बाजूंनी सुरुवातीला लिहून ठेवलेले नसते म्हणून त्या मोडतात. पुढच्या सर्व पायऱ्या या एका मुद्द्याभोवती रचल्या आहेत.

पहिली पायरी : प्रकाशाचा हिशेब स्वतः करणे

प्राध्यापकांना भेटण्यापूर्वी मूळ तत्त्व समजून घ्यावे. अर्धवाहक पदार्थावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की त्यातील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जा-पट्ट्यात जातो आणि खालच्या पट्ट्यात रिकामी जागा, म्हणजे होल, राहते. ही जोडी पुन्हा एकत्र येण्याआधी पृष्ठभागावर पोहोचली, तर इलेक्ट्रॉन ऑक्सिजनशी आणि होल पाण्याशी किंवा थेट प्रदूषक रेणूशी क्रिया करतो. त्यातून तयार होणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल सेंद्रिय रेणू तोडत जातात. इलेक्ट्रॉन वर नेण्यासाठी लागणाऱ्या किमान ऊर्जेला बँड गॅप म्हणतात. १२४० या संख्येला इलेक्ट्रॉन व्होल्टमधील बँड गॅपने भागले की कोणत्या तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश उपयोगी पडेल, ते नॅनोमीटरमध्ये मिळते. टायटॅनियम डायऑक्साइडच्या अनाटेज रूपाचा बँड गॅप ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, म्हणजे त्याला सुमारे ३८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड, अतिनील प्रकाशच चालतो. अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये याच संयुगाचा इलेक्ट्रोड वापरून प्रकाशाने पाण्याचे विघटन करून दाखवले, तेव्हापासून या क्षेत्राला वेग आला. दृश्य प्रकाश वापरता यावा म्हणून पुढे नायट्रोजन मिसळलेला टायटॅनियम डायऑक्साइड, २.४ इलेक्ट्रॉन व्होल्टचे बिस्मथ व्हॅनाडेट आणि २.७ इलेक्ट्रॉन व्होल्टचे ग्राफिटिक कार्बन नायट्राइड असे पदार्थ पुढे आले.

यानंतर कागद-पेन्सिल घेऊन एक ढोबळ हिशेब करावा. निरभ्र दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १००० वॉट सूर्यप्रकाश पडतो. त्यातील अतिनील भाग ४ ते ५ टक्के असतो. तो ४० वॉट धरला आणि दिवसभरात भर दुपारच्या तोलाचे सहा तास ऊन मिळते असे मानले, तर दिवसाला सुमारे ८६० किलोज्यूल अतिनील ऊर्जा मिळते. ३६५ नॅनोमीटरच्या प्रकाशकणांच्या एका मोलची ऊर्जा सुमारे ३२८ किलोज्यूल असते, म्हणजे आपल्या हाती साधारण २.६ मोल प्रकाशकण येतात. त्यांपैकी शंभरातील एक सत्कारणी लागला, तर ०.०२६ मोल इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होते. सीओडीच्या, म्हणजे पाण्यातील प्रदूषक पदार्थांच्या ऑक्सिडीकरणाला किती ऑक्सिजन लागेल या मापाच्या, भाषेत ३२ ग्रॅम ऑक्सिजनच्या तोलाचे काम व्हायला ४ मोल इलेक्ट्रॉन लागतात; त्यामुळे एक चौरस मीटर पृष्ठभाग दिवसाला जेमतेम ०.२ ग्रॅम सीओडी कमी करतो. आता नदीनाल्यात पाणी सोडण्यासाठी सीओडीची सर्वसाधारण मर्यादा २५० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. नेमकी तेवढी सीओडी असलेले एक घनमीटर पाणी घेतले, तरी त्यातील २५० ग्रॅमचा भार एका दिवसात काढायला हजाराहून अधिक चौरस मीटर जागा लागेल. कार्यक्षमता दहापट वाढवली तरी सव्वाशे चौरस मीटरच्या आसपास लागेलच.

हा हिशेब ढोबळ आहे. प्रत्यक्षात ऑक्सिजनच्या साखळी-क्रियांमुळे आकडे थोडे सुधारतात, तर पावसाळ्यात कोल्हापूर भागातील ढगाळ हवामानामुळे ते बिघडतात. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. ईटीपीचे, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे, मुख्य काम प्रकाश-उत्प्रेरकावर सोपवणे व्यवहार्य नाही. जैविक प्रक्रिया आणि गाळणी झाल्यावर उरलेला २० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपासचा हट्टी सेंद्रिय भाग काढणे हे त्याचे योग्य क्षेत्र आहे. कोणी सुरुवातीच्या काळ्या पाण्यावरच पावडर टाकून ते स्वच्छ करण्याचे आश्वासन देत असेल, तर हा हिशेब त्याच्यासमोर ठेवावा. शिवाय इतक्या गडद पाण्यात प्रकाश काही मिलिमीटरच्या पलीकडे शिरतच नाही.

दुसरी पायरी : प्रश्न लहान आणि नेमका करणे

या बाबतीत जपानमधील एक भागीदारी अभ्यासण्यासारखी आहे. टोकियो विद्यापीठातील फुजिशिमा व काझुहितो हाशिमोटो यांचा गट आणि स्वच्छतागृहाची उपकरणे व फरशा बनवणारी टोटो ही कंपनी १९९० च्या सुमारास एकत्र आली. कंपनीच्या बाजूने तोशिया वातानाबे हे संशोधक काम करत होते. मोठ्या प्रमाणावरील पाणी किंवा हवा शुद्ध करायला घरातील प्रकाश पुरणार नाही, हे त्यांना माहीत होते. म्हणून त्यांनी प्रश्नच बदलला. फरशीवर किंवा भांड्याच्या पृष्ठभागावर दिवसभरात बसणारी घाण आणि जिवाणू अत्यल्प असतात, तेव्हा तेवढ्यांचा नायनाट करायला पातळ लेप आणि थोडासा अतिनील प्रकाश पुरेल, असा त्यांचा तर्क होता. त्यातून जिवाणूरोधक फरशा आल्या. पुढे याच कामात असे आढळले की, प्रकाश पडल्यावर या लेपावर पाण्याचे थेंब न राहता पाणी एकसारखे पसरते आणि मळ धुऊन नेते. हे निरीक्षण १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले आणि आपोआप स्वच्छ होणाऱ्या बाह्य फरशा व काचा यांचा पाया त्यावर घातला गेला. विद्यापीठाकडे पदार्थाचे ज्ञान होते, कंपनीकडे फरशी भाजण्याचे आणि लेप चिकटवण्याचे कसब होते, आणि निवडलेला प्रश्न उपलब्ध प्रकाशाच्या आवाक्यातला होता. यांतील तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

म्हणून आपला प्रश्न एका परिच्छेदात लिहावा आणि त्यात पुढील तपशील आकड्यांसह द्यावेत: पाणी प्रक्रियेच्या कोणत्या टप्प्यावरचे आहे, रोज किती घनमीटर आहे, त्याचा पीएच, सीओडी, विद्राव्य क्षार आणि रंग किती आहे, त्यात कोणत्या गटाचे रंग असतात, ऊन वापरायचे की दिवे, किती जागा उपलब्ध आहे आणि एका घनमीटरमागे किती खर्च परवडेल. यातील निम्मी माहिती कारखान्याच्या ईटीपी नोंदवहीत असतेच. ती नसेल, तर किमान दोन-तीन आठवडे वेगवेगळ्या पाळ्यांमधील नमुने तपासून ती गोळा करावी. त्याआधी विद्यापीठाचे दार ठोठावण्याची घाई करू नये.

तिसरी पायरी : योग्य गट शोधणे

आपल्या भागात शिवाजी विद्यापीठ, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि खुद्द इचलकरंजीतील वस्त्रोद्योग-अभियांत्रिकीचे डीकेटीई महाविद्यालय अशा संस्था आहेत. जवळची संस्था निवडण्याला कमी लेखू नये. ताजे सांडपाणी सकाळी भरून दुपारपर्यंत प्रयोगशाळेत पोहोचणे ही मोठी सोय आहे, कारण साठवलेल्या पाण्याचा रंग आणि पीएच दोन दिवसांत बदलतो. महागडी उपकरणे त्याच विभागात असण्याची गरज नसते. केंद्र सरकारच्या साहाय्याने चालणाऱ्या 'सैफ' सुविधांमध्ये आणि आय-स्टेम या पोर्टलवर नोंदलेल्या उपकरणांवर शुल्क भरून नमुने तपासून घेता येतात.

गट निवडताना प्रकाशित शोधनिबंधांची संख्या पाहण्यापेक्षा दोन-तीन निबंध नीट वाचावेत. उत्प्रेरकाशिवाय नुसत्या प्रकाशात काय होते आणि प्रकाशाशिवाय नुसत्या उत्प्रेरकाने काय होते, या दोन्हींचे आकडे दिले आहेत का? बाजारात मिळणाऱ्या प्रमाण पावडरीशी तुलना केली आहे का? दिव्याची तीव्रता नमुन्याच्या जागी मोजली आहे, की दिव्यावर लिहिलेले वॉट तेवढे सांगितले आहेत? तोच नमुना चार-पाच वेळा पुन्हा वापरल्यावर त्याची क्षमता किती उरते? या प्रश्नांची उत्तरे निबंधात सापडली, तर तो गट मोजमापाबद्दल गंभीर आहे, असे समजावे. नंतर प्रयोगशाळेला भेट द्यावी आणि प्राध्यापकांइतकाच वेळ संशोधक विद्यार्थ्यांशी बोलण्यात घालवावा, कारण रोजचे काम तेच करणार असतात आणि पदार्थ तयार करताना नेमके काय बिघडते, हे त्यांनाच ठाऊक असते.

त्यांच्या गरजाही मनापासून समजून घ्याव्यात. पीएचडीला नियमानुसार किमान तीन वर्षे लागतात, विद्यार्थ्याला प्रबंध आणि निबंध लिहायचे असतात, आणि परीक्षा व प्रवेशांच्या काळात विभागाचा वेग कमी होतो. उद्योजकाला सहा महिन्यांत उत्तर हवे असते. दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. म्हणून सहा महिन्यांत उत्तर देता येईल असा एक छोटा, स्वतंत्र प्रश्न सल्लासेवा म्हणून वेगळा काढावा आणि दीर्घ प्रश्न प्रबंधासाठी ठेवावा.

चौथी पायरी : चाचणीची पद्धत एकत्र बसून ठरवणे

हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि बहुतेक ठिकाणी तोच घाईत उरकला जातो.

प्रयोगशाळेतील नेहमीची चाचणी अशी असते. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे १० मिलिग्रॅम प्रति लिटरचे १०० मिलिलिटर द्रावण घेतात, त्यात ५० किंवा १०० मिलिग्रॅम पावडर टाकतात, अर्धा तास अंधारात ढवळतात आणि मग दिवा लावतात. ठरावीक मिनिटांनी थोडे द्रावण काढून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पावडर वेगळी करतात आणि ६६४ नॅनोमीटरच्या प्रकाशाचे शोषण मोजतात. आलेख सरळ खाली उतरतो, निळे द्रावण पाण्यासारखे दिसू लागते आणि सर्वांना समाधान वाटते.

आता तेच सांडपाण्याच्या बाबतीत पाहू. सुती कापडासाठी वापरले जाणारे रिॲक्टिव्ह रंग ऋणभारित असतात. ते कापडावर चढावेत म्हणून कुंडात भरपूर मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट आणि पक्के बसावेत म्हणून सोडा ॲश घालतात, त्यामुळे पाणी अल्कधर्मी होते आणि त्याचा पीएच बऱ्याचदा १० च्या वर असतो. टायटॅनियम डायऑक्साइडचा पृष्ठभाग पीएच साधारण ६ ते ६.५ च्या वर ऋणभारित होतो. परिणामी ऋणभारित रंगाचा रेणू पृष्ठभागाजवळ येतच नाही, तर धनभारित मिथिलीन ब्लू त्याच अल्कधर्मी पाण्यात पृष्ठभागाला आनंदाने चिकटतो. त्यातच कार्बोनेट आणि क्लोराइड हे आयन हायड्रॉक्सिल रॅडिकल खाऊन टाकतात. म्हणजे प्रयोगशाळेत एका तासात निळे द्रावण पारदर्शक करणारा पदार्थ प्रत्यक्ष पाण्यात दिवसभर ढवळूनही काही करत नाही, यात कोणाचीही लबाडी नसते. दोन्ही ठिकाणी रसायनशास्त्र आपापल्या जागी बरोबर असते.

मिथिलीन ब्लूचा आणखी एक दोष आहे. तो स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो आणि आपला इलेक्ट्रॉन उत्प्रेरकाला देऊन स्वतःच तुटतो. त्यामुळे दृश्य प्रकाशात रंग गेला एवढ्यावरून उत्प्रेरक दृश्य प्रकाशात काम करतो, असा निष्कर्ष निघत नाही. या रंगावर आधारलेली आयएसओ १०६७८ ही प्रमाण चाचणी २०१० पासून आहे, पण ती अतिनील प्रकाशासाठी व लेपांच्या पृष्ठभागासाठी आहे. दृश्य प्रकाशाचा दावा तपासायचा असेल, तर फिनॉल किंवा ४-क्लोरोफिनॉलसारखा बिनरंगी रेणू वापरावा आणि दिव्यासमोर ४२० नॅनोमीटरखालचा प्रकाश अडवणारा फिल्टर लावावा.

रंग जाणे आणि प्रदूषण जाणे यांतही फरक आहे. ॲझो रंगातील दोन नायट्रोजन अणूंमधला बंध तुटला की रंग नाहीसा होतो, पण मागे अरोमॅटिक अमाइनसारखे तुकडे राहू शकतात आणि त्यांतील काही मूळ रंगापेक्षा घातक असतात. म्हणून एकूण सेंद्रिय कार्बन किंवा किमान सीओडी मोजलीच पाहिजे, आणि अंतिम पाण्यावर मासे, डॅफ्निया हा सूक्ष्म जलचर किंवा निदान बियाण्यांच्या उगवणीची विषारीपणाची चाचणी घ्यावी. पंचगंगेच्या काठच्या लोकांना बिनरंगी पण विषारी पाणी देणे हे कोणत्याही संशोधनाचे यश मानता येणार नाही.

तेव्हा दोन्ही बाजूंनी मिळून एक ते दोन पानांची चाचणी-पद्धत लिहावी. तीत कारखान्याचे प्रत्यक्ष पाणी आणि ठरावीक घटकांपासून बनवलेले कृत्रिम सांडपाणी अशा दोन द्रवांवर चाचणी असावी. प्रत्यक्ष पाणी रोज बदलते, म्हणून तुलनेसाठी कृत्रिम पाण्याची गरज पडते. प्रत्येक फेरीत पी२५ ही प्रमाण टायटॅनियम डायऑक्साइड पावडर त्याच भांड्यात, त्याच दिव्याखाली तपासावी. तीत साधारण ८० टक्के अनाटेज आणि २० टक्के रुटाईल हे दुसरे स्फटिकरूप असते आणि तिचे पृष्ठफळ ग्रॅममागे सुमारे ५० चौरस मीटर असते. जगभरात तुलनेसाठी तीच वापरली जाते. वेगवेगळ्या निबंधांतील वेग-स्थिरांकांची, म्हणजे क्रियेचा वेग सांगणाऱ्या आकड्यांची, थेट तुलना करू नये, कारण भांड्याचा आकार, दिव्याचे अंतर आणि पावडरीचे प्रमाण बदलले की तो आकडा बदलतो. प्रत्येक प्रयोग किमान तीनदा व्हावा आणि त्यांपैकी एक वेळ वेगळ्या दिवशी तयार केलेल्या पावडरीवर व्हावा.

शेवटी यशाचा उंबरठा लिहावा. उदाहरणार्थ, 'प्रत्यक्ष पाण्यात, पीएच न बदलता, ठरलेल्या प्रकाशात चार तासांत एकूण सेंद्रिय कार्बन निम्मा व्हावा आणि पाचव्या वापरातही हा परिणाम नव्वद टक्के टिकावा.' आकडे आपापल्या गरजेप्रमाणे बदलतील, पण ते आधी लिहिलेले असले पाहिजेत.

पाचवी पायरी : करार

नुसता सामंजस्य करार छायाचित्रापुरता उपयोगी पडतो. त्यात कोणी काय द्यायचे, हे सहसा नसते. प्रत्यक्ष कामासाठी प्रायोजित संशोधन प्रकल्पाचा करार किंवा सल्लासेवेचा करार करावा, आणि त्याआधी गोपनीयता करार. विद्यापीठ प्रकल्पाच्या रकमेवर ओव्हरहेड, म्हणजे संस्थेचा व्यवस्थापन-खर्च, आकारते. त्याची टक्केवारी आणि जीएसटीची आकारणी वित्त विभागाकडून लेखी घ्यावी. हप्ते तारखांशी न जोडता चाचणीच्या टप्प्यांशी जोडावेत. निकाल नकारात्मक आला, तरी ठरलेले प्रयोग ठरल्या पद्धतीने झाले असतील, तर पूर्ण मोबदला द्यावा. हे कलम उद्योजकाला सुरुवातीला खटकते, पण त्याशिवाय विद्यार्थ्यावर चांगलेच आकडे आणण्याचा दबाव येतो आणि मग त्या आकड्यांवर कारखान्याचे पैसे लागतात.

पेटंटच्या बाबतीत क्रम चुकला, तर सगळे हातातून जाते. भारतात, काही मर्यादित अपवाद वगळता, अर्ज करण्याआधी प्रसिद्ध झालेल्या गोष्टीला पेटंट मिळत नाही. निबंध, परिषदेतील पोस्टर, खुल्या सभागृहातील सादरीकरण आणि शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर चढवलेला प्रबंध हे सर्व प्रसिद्धीतच मोडते. म्हणून आधी तात्पुरत्या तपशिलासह अर्ज दाखल करावा, बारा महिन्यांच्या आत संपूर्ण तपशील द्यावा आणि निबंध तात्पुरत्या अर्जानंतर पाठवावा. कंपनीला हस्तलिखित पाहण्यासाठी दोन-तीन महिन्यांची मुदत असावी, पण प्रकाशन कायमचे रोखण्याचा अधिकार नसावा. विद्यार्थ्याचा प्रबंध वेळेवर सादर होणे ही करारातील अट असली पाहिजे, हे मी आग्रहाने सांगेन. दोन संस्थांच्या वाटाघाटीत एका तरुण मुलामुलीचे वर्ष वाया जाऊ नये. शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात २०२१ पासून ८० टक्के सवलत आहे, त्यामुळे अर्जदार म्हणून कोणाचे नाव असावे, याचाही विचार करावा.

पेटंट कायद्यातील कलम ३ चे दोन उपभाग या क्षेत्रात थेट लागू पडतात. ज्ञात पदार्थाचे केवळ नवे रूप, त्याची ज्ञात परिणामकारकता वाढत नसेल तर, पेटंटयोग्य नसते. तसेच घटकांच्या गुणांची नुसती बेरीज असणारे मिश्रणही पेटंटयोग्य नसते. टायटॅनियम डायऑक्साइड आणि कार्बन नायट्राइड यांचा संयुक्त पदार्थ केला, तर त्याच दोन पावडरी त्याच प्रमाणात खलात नुसत्या एकत्र केलेल्या मिश्रणापेक्षा तो किती सरस आहे, हे दाखवावे लागते. चौथ्या पायरीतील तुलना त्यासाठीही उपयोगी पडते. म्हणून ही मिश्रणाची चाचणी पहिल्या दिवसापासून करावी.

प्रकल्पापूर्वी कोणाकडे कोणते ज्ञान होते, त्याची यादी कराराला जोडावी. नव्या ज्ञानाची मालकी संयुक्त ठेवण्यापेक्षा ती एकाकडे आणि वापराचा ठरावीक क्षेत्रापुरता अनन्य परवाना दुसऱ्याकडे, ही रचना व्यवहारात सोपी जाते.

सहावी पायरी : पदार्थ निवडणे आणि तयार करणे

नवा पदार्थ म्हणजे अगदी नवे संयुगच हवे असे नाही. ज्ञात पदार्थाचा आकार, स्फटिकरूप, त्यातील अल्प मिश्रण किंवा दोन पदार्थांची जोड यांतूनच बहुतेक सुधारणा येतात. निवडताना कच्च्या मालाची किंमत आणि टिकाऊपणा आधी पाहावा. कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाशात उत्तम काम करते, पण प्रकाशातच झिजते आणि पाण्यात कॅडमियम सोडते. पाणी शुद्ध करण्यासाठी ते विचारातही घेऊ नये. झिंक ऑक्साइड स्वस्त आहे, मात्र आम्लात विरघळते. सोने, प्लॅटिनम यांचे कण बसवून मिळवलेली वाढ निबंधात शोभते. प्रोसेस हाऊसला ती परवडणार नाही.

पदार्थ तयार झाल्यावर क्ष-किरण विवर्तनाने स्फटिकरूप, विसरित परावर्तन वर्णपटावरून बँड गॅप, नायट्रोजन शोषणाने पृष्ठफळ आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने कणांचा आकार पाहावा. एवढ्या चार तपासण्या प्रत्येक घाण्यासाठी पुरतात. बाकीच्या महाग तपासण्या निवडक नमुन्यांसाठी राखाव्यात. वहीत तापमान, वेळ, तापवण्याचा वेग, रसायनाचा बॅच क्रमांक आणि भट्टीतील नमुन्याची जागा लिहावी. मफल भट्टीच्या दाराजवळचा आणि आतला भाग यांच्या तापमानात लक्षणीय फरक असू शकतो, आणि अनाटेजचे रुटाईल होणे तापमानावरच अवलंबून असते.

कोरडी नॅनो पावडर हाताळताना योग्य मास्क आणि हवा खेचणारे कपाट अनिवार्य आहे. श्वासावाटे जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने संभाव्य कर्ककारकांच्या २ब गटात ठेवले आहे. अतिनील दिव्यासमोर डोळे आणि त्वचा झाकलेली असावी.

सातवी पायरी : ग्रॅमपासून किलोपर्यंत

१०० मिलिलिटरच्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखाली तापवण्याच्या बंद भांड्यात, एक ग्रॅम उत्तम पावडर मिळाली, म्हणून पाच लिटरच्या भांड्यातही तशीच मिळेल, असे गृहीत धरू नये. आतील उष्णता सगळीकडे सारखी पोहोचत नाही आणि कणांचा आकार बदलतो. कार्बन नायट्राइड युरिया किंवा मेलामाइन सुमारे ५५० अंश सेल्सिअसला तापवून करता येते आणि प्रयोगशाळेत ते फार सोपे वाटते. मात्र युरियापासून मिळणारे उत्पन्न अगदीच कमी असते आणि बाकीचा भाग अमोनियासह वायुरूपात निघून जातो. किलोच्या प्रमाणात काम करायचे, तर तो वायू धुऊन काढणारा स्क्रबर लागतो आणि त्याचा खर्च पदार्थाच्या किमतीत धरावा लागतो.

दुसरी अडचण पावडर पाण्यातून परत काढण्याची. वीस-पंचवीस नॅनोमीटरचे कण आपणहून खाली बसत नाहीत आणि गाळणीतून निसटतात. शुद्ध केलेल्या पाण्याबरोबर ते नदीत गेले, तर आपण एक प्रदूषण काढून दुसरे घातले, असे होईल. म्हणून काच, सिरॅमिक किंवा जाळीवर पदार्थाचा लेप बसवण्याचे प्रयोग पहिल्याच वर्षी सुरू करावेत. लेपात पृष्ठफळ घटते आणि क्रिया मंदावते, पण विचार त्याच आकड्यांवर करावा, कारण कारखान्यात तेच मिळणार आहेत.

मोठ्या प्रमाणावर जाताना आकडे कसे दिसतात, याचा एक प्रामाणिक नमुना काझुनारी दोमेन यांच्या गटाने आणि जपानी कंपन्यांच्या संघाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. ॲल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम टायटॅनेटच्या लेपाचे १६०० छोटे संच जोडून त्यांनी १०० चौरस मीटरचा पट उघड्यावर उभारला आणि पाण्यापासून हायड्रोजन मिळवला. याच पदार्थाने अतिनील प्रकाशात ९६ टक्क्यांपर्यंत क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या प्रकाशकणांपैकी कामी आलेल्यांचे प्रमाण, दाखवली होती, परंतु संपूर्ण सूर्यप्रकाशाच्या हिशेबात मोठ्या पटाची सर्वोच्च कार्यक्षमता ०.७६ टक्के भरली. तो आकडा त्यांनी लपवला नाही, म्हणूनच पुढच्या संशोधकांना कुठे काम करायचे, ते कळले.

आपल्या प्रकल्पात प्रयोगशाळेनंतरचा टप्पा ५० ते १०० लिटरच्या टाकीचा असावा आणि ती कारखान्याच्या आवारात, ईटीपीच्या शेवटच्या टाकीशेजारी ठेवावी. तिथे एक पूर्ण वर्ष, पावसाळ्यासह, नोंदी घ्याव्यात. शेवाळ, लोखंडी गाळ, साबणाचा थर या गोष्टी लेपावर बसतात आणि प्रयोगशाळेत त्या कधीच दिसत नाहीत.

आठवी पायरी : हस्तांतर

प्रकल्प संपण्याच्या तीन महिने आधी कंपनीच्या स्वतःच्या रसायनतज्ज्ञाने विद्यापीठात जाऊन, विद्यार्थ्याला काहीही न विचारता, केवळ लिहिलेल्या कृतीवरून पदार्थ तयार करावा. तो ठरलेल्या चाचणीत उतरला नाही, तर कृतीत काहीतरी लिहायचे राहिले आहे असे समजावे आणि ते शोधावे. बहुधा ढवळण्याचा वेग, धुण्याचे पाणी किंवा वाळवण्याची वेळ अशी एखादी किरकोळ वाटणारी बाब असते. दुरुस्त कृतीने कारखान्यात आणखी तीन घाणे काढावेत. प्रत्येक घाण्यातील थोडी पावडर गडद बाटलीत, तारीख व बॅच क्रमांकासह सीलबंद करून एक बाटली विद्यापीठात आणि एक कंपनीत ठेवावी. पुढे पुरवठादार बदलला किंवा परिणाम घसरला, तर तुलना याच बाटल्यांशी करायची असते.